एजंटाच्या गाडीत आई-बाबा

घर घ्यायचं असेल तर एजंट करावाच, हे मी आता कोणालाही न विचारता सांगते. लग्नात सांगते, बारशात सांगते, दुर्गच्या गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगते. लोकांना वाटतं, हिला यात कमिशन मिळत असेल. नाही हो बाप्पा! कमिशन आम्हीच दिलंय, अन् तेही पूर्ण. कारण आमच्या बाबांना घासाघीस करता येत नाही आणि आईला त्या दिवशी करायची नव्हती.

बाबा रेल्वेत होते, चरोद्याच्या मार्शलिंग यार्डात, जिथं मालगाड्या जोडतात तिथं, वॅगन तपासायचे. मूळचे आम्ही नागपूरकडचे, पण नोकरी सगळी या दुर्ग लाइनवर. बदली झाली की नवं क्वार्टर, पुन्हा बदली की पुन्हा क्वार्टर, शेवटी चरोद्याला येऊन टेकलो. रिटायर झाल्यावर रेल्वे काही महिने क्वार्टरात राहू देते, मग हात जोडते. तो हात जोडायचा काळ जवळ आला होता. आईला इथंच, भिलाईत घर हवं होतं. भाड्याचं नाही, रेल्वेचं नाही, स्वतःचं. लहान असलं तरी चालेल, पण कोणी 'खाली करा' म्हणणार नाही असं. मला समज आली तेव्हापासून ती हेच म्हणत होती. मी एकुलती एक, लग्न होऊन दुर्गला. तेव्हा घर शोधायला दर रविवारी मिळणारी फुकटची मदत म्हणजे मी.

बाबांनी सुरुवातीलाच जाहीर केलं, "दलाल-फलाल काही कराचा नाही. आपल्याले तोंड नाही का बोलाले?"

तोंड होतं. तीच तर अडचण होती.

क्वार्टरवाल्या माणसानं आयुष्यात घर कधी विकत घेतलेलं नसतं, फक्त ताब्यात घेतलेलं असतं. जुनं कुटुंब जाणार असलं की नवं कुटुंब आधी एकदा येऊन भेटतं. चहा पितं, नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारतं, शेजारी कसे आहेत ते कान लावून ऐकतं, जाणाऱ्यांचं सामान बांधायला हात लावतं आणि त्यांची तुळस मागून घेतं. आमच्या कॉलनीत हीच रीत. बाबा ही रीत घेऊन भिलाईतल्याच मरोद्याला एका घरी गेले. बाहेर 'बिकाऊ है' अशी पाटी होती, एवढ्या भांडवलावर थेट आत. मी सोबत होते, म्हणून सांगते. मालक भला माणूस, त्यानं बसवलं, चहा दिला. बाबांनी पाण्याचं विचारलं, शेजाऱ्यांचं विचारलं, आणि मग अगदी आपुलकीनं म्हणाले, "तो कब खाली कर रहे हो? सामान बांधने को मैं आ जाऊंगा."

मालकानं आधी बाबांकडे पाहिलं, मग दाराकडे. त्याला वाटलं असणार, हा कब्जा करायलाच आलाय. त्याला धीर द्यावा म्हणून बाबांनी पुढचं सांगून टाकलं. आम्हालाही क्वार्टर सोडायचंय, दिवस थोडे उरलेत, बायको रोज डोकं खाते, तेव्हा उशीर करू नका. आपली निकड अशी ताटात वाढून दिल्यावर त्या भल्या माणसानं जी किंमत सांगितली, ती ऐकून माझ्या बशीतला चहा सांडला. बाबा शांत. परत येताना म्हणाले, "माणूस चांगला होता. चिडला कावून, काय माहीत."

आईनं त्याच दिवशी मला स्वयंपाकघरात ओढलं. "तू कोनी एजंट पाय बाई. यायच्या भरोशावर राहिलो तर रेल्वे आमाले प्लॅटफॉर्मवर बसवन."

मी पाहिला. पॉवर हाऊसच्या भागात त्याचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कोपऱ्याला ठेवलेली एक खुर्ची. पांढरे बूट, दोन फोन, आणि एक गाडी, जिचे मागचे दोन्ही दरवाजे फक्त बाहेरूनच उघडायचे. मागे बसलेल्यानं तो येऊन दार उघडेपर्यंत तसंच राहायचं. बाबा पुढे बसायचे, मी अन् आई मागे, कोंडल्यासारख्या.

या माणसाच्या दुनियेत सगळं पाच मिनिटांवर होतं. स्टेशन पाच मिनिटं, भाजीबाजार पाच मिनिटं, दवाखाना पाच मिनिटं, अन् आपण रस्त्यावर उन्हात उभं राहून फोन केला की तो स्वतःही पाच मिनिटं. त्याच्या तोंडी 'हवादार' म्हणजे खिडकीला काच नाही, अन् 'शांत एरिया' म्हणजे रस्ता अजून व्हायचाय. घराचे व्हिडिओ पाठवायचा, त्यात फोन इतका गरगर फिरायचा की आईला घेरी यायची. छताचा पंखा तेवढा नीट दिसायचा. पंखा बघून घर घेणारी माणसं असतील कुठेतरी, त्याशिवाय का धंदा चालतो याचा!

पण फायदे म्हणते ते उगीच नाही. पहिला फायदा आम्हाला कुरुद भागातल्या पहिल्याच घरी मिळाला.

बाबांचं काम काय होतं, ते इथं सांगितलं पाहिजे. यार्डात उभ्या गाडीच्या बाजूनं चालत जायचं, लांब दांड्याच्या हातोडीनं चाकं ठोकायची, आवाज ऐकायचा. वॅगनमध्ये बिघाड निघाला की खडूनं तिच्यावर 'सिक' अशी खूण करायची. सिक म्हणजे आजारी. ही वॅगन आता गाडीला लागणार नाही, बाजूला काढा. उभी नोकरी हेच केलेल्या माणसाला घर दाखवायला नेलं तर तो काय करणार? नव्या पिस्ता रंगाची बैठकीची खोली. बाबांनी बोटाच्या पेरानं भिंत ठोकली. कान लावला. पुन्हा ठोकली. आणि कोणाला काही कळायच्या आत शर्टाच्या खिशातून खडू काढून त्या कोवळ्या पिस्ता भिंतीवर मोठा गोल काढला आणि गोलात ठसठशीत सिकचा एस लिहिला.

"ये क्या कर दिया?" घरमालक ओरडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई तर पदर तोंडाला लावून अंगणातच निघून गेली.

एजंट जागचा हललासुद्धा नाही. हात जोडून म्हणाला, "भैया, अंकलजी रेल्वे में वास्तु देखते थे. जहां ऊर्जा रुकती है, वहां निशान लगा देते हैं. लोग पैसा देके बुलाते हैं, आपका फ्री में हो गया."

रेल्वेत वास्तू! मी कपाळाला हात लावणार होते, पण मालकाचा चेहरा बघता बघता निवळला. तो बाबांना हाताला धरून आतल्या खोलीत घेऊन गेला अन् विचारायला लागला, पलंग कोणत्या दिशेला ठेवू. बाबांनी इमानदारीत सांगितलं, "जहां सीलन नहीं है, वहां." ओल नाही तिथं. मालकानं मान डोलावली. जाताना त्यानं गेटपर्यंत सोडलं. एजंट नसता तर त्या दिवशी आमचं काय झालं असतं, ते मला आजही मनात आणवत नाही.

त्यानंतरचे रविवार सगळे असेच गेले. एजंट घर दाखवायचा, बाबा ठोकायचे. ही भिंत पोकळ, तो स्लॅब गळणार, इथं बीम वाकलाय. सिक, सिक, सिक. खडू मी काढून घेतला होता, तर तोंडानं म्हणायचे. चांगली बांधलेली घरंही सुटली नाहीत. एका घरात काहीच सापडेना, तेव्हा म्हणाले, "एवढं चांगलं आहे तर विकून कावून राहिला?" 

आईचं पाहणं वेगळं होतं. ती भिंतींना हात लावत नसे. कॉलनीतल्या बायकांचे ब्लाउज ती शिवते, वर्षानुवर्षं. तेव्हा आधी खिडकी बघायची. खिडकीशी मशीन बसेल का, डाव्या हातानं उजेड येईल का. मग मागे जाऊन धुण्याचा दगड बघायची. कुरुदलाच एक लहानसं घर होतं, दोन खोल्या, मागं थोडी जागा, आणि पूर्वेला एक रुंद खिडकी. तिथं आई त्या खिडकीखाली उभी राहून वितीनं जागा मोजत होती. एकदा मोजली, परत मोजली. माझ्याकडे बघून हसली. लहान पोरीसारखी हसली हो. मी तिला अशी हसताना फार कमी पाहिलंय.

बाबांनी बाहेरूनच आवाज दिला, "चला. सिक आहे हे."

तिनं मोजलेली वीत तशीच मिटून घेतली अन् निघाली.  मला इतका राग आला की गाडीत बसताना मी दार जोरात आपटलं. ते लागलं नाही, तो भाग वेगळा. एजंटाला उतरून बाहेरून लावावं लागलं.

त्या दिवशी त्यानं गाडी सुरू केली, थोडी पुढं नेली आणि एका चहाच्या टपरीशी उभी केली. चहा मागवला नाही. किल्ली फिरवून गाडी बंद केली अन् बाबांकडे वळून म्हणाला, "अंकलजी, बुरा मत मानना. जिसको मकान लेना रहता है, वो खराबी दिखा के दाम तुड़वाता है. आप इतने मकान देखे, खराबी सबमें निकाली. दाम एक का भी नहीं पूछा."



खरंच की! मी मनातल्या मनात एकेक घर आठवून पाहिलं. मरोद्याच्या मालकानं किंमत आपणहून सांगितली होती. बाबांनी कुठंच, कधीच विचारली नव्हती. मी त्यांची पोटची पोरगी, दर रविवारी सोबत. मला हे दिसलं नाही आणि या पांढऱ्या बुटवाल्याला दिसलं.

बाबा समोरच्या काचेतून बाहेर बघत होते. तसेच बघत म्हणाले, मराठीत, "मले गावाले जायचं आहे. दादाले शब्द देऊन ठेवला मी. आपल्या हिश्श्याच्या जागेवर दोन खोल्या काढू म्हटलं."

गाव म्हणजे तुमसरकडचं, नागपूरच्या अलीकडचं. तिथं मोठे काका, काकू, त्यांचं भरलं घर. शब्द कधी दिला होता, तर रिटायर व्हायच्या आधीच. म्हणजे हे सगळे रविवार, ही सगळी घरं, ही सगळी ठोकाठोक! आई माझ्या शेजारी बसली होती आणि हे ती पहिल्यांदा ऐकत होती. दार तर आतून उघडत नव्हतं. उघडत असतं तर ती उतरून चालायलाच लागली असती, अन् पुढचं काही झालंच नसतं. म्हणून तुटकी गाडी ठेवणारा एजंट करावा, असंही मी लोकांना सांगते.

आई बोलली. पण बाबांशी नाही, एजंटाशी. आणि हिंदीत.

"भैयाजी, इनको पूछो, मेरेको पूछा था क्या?"

माझ्या आईचं असं आहे की ती मराठीत भांडत नाही. मराठीत ती 'अवो' म्हणते, 'जेवाले या' म्हणते, 'तुमी म्हनान तसं' म्हणते. बाबांशी भांडायचे शब्द तिच्याकडे मराठीत नव्हतेच, कधी लागू दिले नव्हते. हिंदीत मात्र ती भाजीवाल्याशी भांडते, गॅसवाल्याशी भांडते, रिक्षावाल्याला तर गेट येईपर्यंत सोडत नाही. हिंदीत ती दुसरीच बाई आहे. ती बाई त्या दिवशी मागच्या सीटवर येऊन बसली.

एजंटही असा इमानदार, की बाबा हातभर अंतरावर बसलेले, सगळं ऐकू जातंय, तरी त्यानं निरोप पोचवला. "अंकलजी, आंटीजी पूछ रही हैं, उनको पूछा था क्या?"

बाबाही त्यालाच म्हणाले, "उनको बोलो, इसमें पूछने का क्या है? अपना गांव है."

"आंटीजी, अंकलजी बोल रहे हैं..."

"सुना मैंने. इनको बोलो, गांव इनका है. मैं उधर कितने दिन रही? शादी में गई, मयत में गई. उधर मैं इनके भाभी की चूल्हे के पास बैठेगी, नमक मांग के लेगी. इनको बोलो, रेल्वे ने बोला इधर चलो, तो मैंने सामान बांधा. रेल्वे ने बोला उधर चलो, तो भी बांधा. एक बार नहीं पूछा, मैंने भी नहीं बोला. अब तो रेल्वे भी कुछ नहीं बोल रही. तो ये क्यों बोल रहे?"

एजंटानं तोंड उघडलं आणि मिटलं. हे भाषांतर त्याच्याच्यानं झालं नाही.

आईचा आवाज चढला होता, टपरीवरचे लोक वळून बघत होते. "इधर मैं मरी ना भैया, तो पूरी कॉलनी आएगी. बोलेंगे, ब्लाउजवाली बाई गई. उधर मरी तो पूछेंगे, कौन थी? किसकी घरवाली थी?"

मला रडू कोसळलं. बाबांनी मान खाली घातली. ते काही वाईट माणूस नाहीत, हे मला सांगायचंय. त्यांना खरंच वाटत होतं की यात विचारण्यासारखं काही नाही. जिथं नवरा जाईल तिथं बायकोची ट्रंक मागोमाग निघते, हे त्यांनी इतकी वर्षं डोळ्यांनी पाहिलं होतं, दर बदलीला. त्या ट्रंकेबरोबर एक माणूसही चालून येतं, हे त्यांच्या बहुतेक तेव्हाच ध्यानात आलं.

एजंटानं मग चहा मागवला. पैसेही त्यानंच दिले. एवढं एकदाच.

पुढच्या रविवारी मला वाटलं, बाबा येणार नाहीत. ते आधीच गाडीत पुढं बसले होते, अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. एजंटाला म्हणाले, "वो खिड़कीवाला दिखाओ. कुरुद का." तिथं गेल्यावर त्यांनी एकही भिंत ठोकली नाही. हात पाठीमागं बांधून आतबाहेर फिरले, खिडकीशी थोडे थांबले आणि विचारलं, "कितने का है?"

आणि आमच्या एजंटानं, त्या गाडीतलं सगळं ऐकूनसुद्धा, आईचे डोळे भरलेले दिसत असूनसुद्धा, चालू भावापेक्षा थोडी वाढवूनच किंमत सांगितली. धंदा म्हणजे धंदा. मला तर त्याचं कौतुकच वाटलं.

कागदपत्रांच्या वेळी त्यानं सांगितलं, बाईच्या नावावर रजिस्ट्री केली तर सरकारी फीमध्ये थोडी सूट मिळते. बाबा चटकन म्हणाले, "तो उनके ही नाम से कर दो ना." जसं काही कांदे कुठं स्वस्त मिळतात ते कळलं.  रजिस्ट्रीच्या ऑफिसात तिचा फोटो काढला, तेव्हा तिनं आधी केस नीट केले, मग पदर, मग पुन्हा केस. बाबूनं विचारलं, "मकान आप ले रही हैं?" ती 'हां' म्हणाली, तर तो दुसऱ्या खिडकीकडे बघत होता. तिनं त्याला परत, मोठ्यानं सांगितलं, "हां, मैं ले रही हूं."

राहायला गेलो. सामान लागलं, मशीन खिडकीशी बसली, उजेड डाव्या हातानं आला. पावसात मागच्या खोलीचा कोपरा थोडा पाझरला; बाबा तिकडं बघायचे अन् मुद्दाम काही बोलायचे नाहीत. एजंट त्यानंतर फिरकला नाही. त्यामुळे घरात एक मोठी पंचाईत झाली. आता दोघांना एकमेकांशी बोलायचं असलं तर मधे कोणी नव्हतं.

अशाच एका रविवारी मी तिथं होते. आई मशीनवर बसली होती, कोणाचीतरी बाही जोडत. बाबा दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. चष्मा काढला, पुसला, घातला. गावाला त्यांनी अजून काहीच कळवलं नव्हतं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. गावाला जायचं असलं की आजवर ते पिशवी भरून झाल्यावर सांगायचे, "येतो मी." बस.

"अवं," ते म्हणाले, "मी दोन दिवस गावाले जाऊन येऊ का? दादाले तोंडानं सांगाले पायजे. फोनवर बरं नाही दिसत."

मशीन थांबली. आईनं वर पाहिलं. मला वाटलं, ही आता हिंदीत सुरू करते.

"जा ना," ती म्हणाली. "मी इथीच आहे."

आणि बाही परत सुईखाली घेतली.